√१६० चं ४√१० कसं करायचं?

मुंबईत घराची चौकशी चौरस फुटांतच होते. बीडीडी चाळीतली खोली १६० फुटांची, पुनर्विकासातलं घर ५०० फुटांचं. ती जुनी खोली अगदी चौरस असती, तर एक भिंत किती लांब? √१६० फूट. कॅल्क्युलेटर १२.६४९… दाखवेल, पण ते आकडे संपतच नाहीत. नेमकं उत्तर हवं असेल तर अवयव पाडायचे.

शाळेत मारायचो तशी उभी रेघ मारा. १६० ला २ ने भाग जातोय तोवर देत राहा: ८०, ४०, २०, १०, ५. पाच ही मूळ संख्या, तिथे थांबा. म्हणजे १६० = २×२×२×२×२×५.

आता सारख्या आकड्यांच्या जोड्या लावा. दोन जमतात, एक २ आणि ५ एकटे राहतात. √(२×२) म्हणजे २, म्हणून जोडीमागे एकच आकडा मुळाबाहेर येतो. बाहेर आलेले एकमेकांना गुणा, आत उरलेलेही गुणा: ४√१०. पडताळा: ४×४×१० = १६०.

'गुणा' असं बजावतोय, कारण इथे चुकून बेरीज केलीत तरी २+२ चारच होतात आणि चूक पचून जाते. √५०० घेतलं की ती उघडी पडते. ५०० = २×२×५×५×५, बाहेर आले २ आणि ५. उत्तर १०√५. बेरीज करून ७√५ लिहिलंत, तर त्याचा वर्ग जेमतेम २४५ भरतो.

हात बसला की रेघ नको. ४, ९, १६, २५, ३६ अशा पूर्ण वर्गांपैकी भाग जाणारा सर्वांत मोठा शोधा: १६० = १६×१०. घाईत ४ च दिसला तर २√४० येईल. ते चूक नाही, अर्धवट आहे. ४० मध्ये आणखी एक ४ दडलाय.

खरा उपयोग वजाबाकीत. १० बाय १८ च्या खोलीचं √१८० = ६√५. हे आणि १०√५ सरूप करण्या, म्हणजे दोघांच्या मुळाच्या आत तोच आकडा, म्हणून √५०० − √१८० = ४√५, साधारण ८.९४ फूट. (४√१० यांच्यात मिसळणार नाही, त्याच्या आत १० आहे.) मुळाच्या आतच ५०० मधून १८० वजा केलेत तर मात्र √३२०, म्हणजे ८√५. बरोब्बर दुप्पट.