ताऱ्याच्या गाभ्यातील न्यूट्रिनो: या चुका टाळा

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण कशालाही न अडखळता आरपार जातो, हे आपण इतक्यांदा ऐकलेले असते की विद्यार्थी ते नियमासारखे वापरू लागतात, आणि कोसळणाऱ्या ताऱ्याचे गणित नेमके तिथेच बिघडते. सूर्यापुरते हे विधान खरे आहे. सूर्याच्या केंद्रातील घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १५० ग्रॅम असते आणि तिथे जन्मलेला न्यूट्रिनो सव्वादोन सेकंदांत पृष्ठभागाबाहेर पडतो. अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होणाऱ्या महाकाय ताऱ्याचा, गाभा कोसळतो तेव्हा मात्र हीच घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ३० कोटी टनांवर जाते.

हे एकदा कागदावर करून पाहावे. काही एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा न्यूट्रिनो अडवायला ढोबळमानाने एक प्रकाशवर्ष, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जाडीचे शिसे लागेल. गाभ्याची घनता शिशाच्या सुमारे २६ लाख कोटी पट आहे. भागाकार केला की उरतात जेमतेम ३६० मीटर. शिवाय टक्कर होण्याची शक्यता साधारणपणे ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दहापट ऊर्जेच्या न्यूट्रिनोसाठी हे अंतर चार मीटरांच्या आत येते. ही गणना स्थूल आहे, कारण गाभ्यातील इलेक्ट्रॉन आणि न्यूक्लिऑन (प्रोटॉन व न्यूट्रॉन) यांच्या बऱ्याच ऊर्जापातळ्या आधीच भरलेल्या असल्याने काही आंतरक्रिया रोखल्या जातात. तरीही न्यूट्रिनो तिथे अडकतो, हा निष्कर्ष बदलत नाही.

तुमच्या गणितात न्यूट्रिनोंचा झोत क्षणार्धात संपत असेल, तर तुम्ही त्यांना सरळ रेषेत बाहेर सोडले आहे, हे ओळखावे. दहा किलोमीटर सरळ कापायला ३३ मायक्रोसेकंद पुरतात. प्रत्यक्षात २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलन मेघातील, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील, अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो जपानमधील कामिओकांडे, अमेरिकेतील आयएमबी आणि रशियातील बाक्सान या न्यूट्रिनो-शोधयंत्रांत नोंदले गेले ते सुमारे १३ सेकंदांच्या अवधीत. तिन्ही ठिकाणच्या नोंदी मिळून जेमतेम दोन डझन होत्या, पण हे न्यूट्रिनो धडका खात, दिशा बदलत, झिरपत बाहेर आले, एवढे सांगायला त्या पुरेशा आहेत. या नोंदींचे मोल मला फार वाटते.

दुसरी चूक उगमाविषयीची आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनला गिळून न्यूट्रॉन बनतो आणि न्यूट्रिनो सोडतो, एवढ्यावरच पुष्कळ जण थांबतात. या प्रक्रियेतून फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो (इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी एक) मिळतात, तर १९८७ च्या बहुतेक नोंदी इलेक्ट्रॉन-प्रतिन्यूट्रिनोंच्या, म्हणजे त्यांच्या प्रतिकणांच्या होत्या. ते आले कुठून? तापलेल्या गाभ्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात, न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळतात, आणि त्यातून तिन्ही प्रकारच्या न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनोंच्या जोड्या निर्माण होतात. मुक्त झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात आणि तिचा मोठा भाग या उष्णताजन्य जोड्यांचा असतो.

सगळे न्यूट्रिनो एकाच पृष्ठभागावरून सुटतात, असे धरणेही चुकीचे आहे. भोवती न्यूट्रॉन मुबलक असल्याने इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो त्यांच्यात शोषले जातात आणि बऱ्याच बाहेरच्या थरात आल्यावरच मोकळे होतात; म्यूऑन आणि टाऊ प्रकारच्यांना ही वाट जवळजवळ बंद असल्याने ते अधिक खोल, अधिक तप्त थरांतून निसटतात. शिवाय एकाच प्रकारातही जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो अधिक बाहेरच्या थरापर्यंत अडकून राहतात.

पदार्थामुळे न्यूट्रिनोचा प्रकार बदलतो, याचा अर्थ तो कशावर आदळतो असा नाही. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोला वेगळे विभव (स्थितिज ऊर्जा) जाणवते आणि त्यामुळे त्याच्यातील प्रकारांचे मिश्रण बदलते. त्यात काही शोषले जात नाही.

१९८७ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी पोहोचले, म्हणून ते प्रकाशाहून वेगवान ठरत नाहीत. गाभ्यातून निघालेल्या आघात-तरंगाला ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागला, आणि तोवर झळाळी सुरूच झाली नव्हती.