ओलिसांची सुटका : या चुका टाळा

ओलीस ठेवल्याची बातमी आली की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दार फोडून घुसणारे कमांडो येतात. माणसं वाचतात किंवा जातात ती बरेचदा त्याआधीच्या तासांत.

सगळ्यात महागात पडते ती घाई. वेळ जाऊ दिला की ओलीस ठेवणारा दमतो, त्याला भूक लागते, तो बोलू लागतो. वाटाघाटी करणाऱ्याच्या हाती निर्णय देणं हीदेखील चूकच. निर्णय दुसऱ्याकडे असला, तर "वरिष्ठांना विचारून सांगतो" हे तो खरेपणाने म्हणू शकतो आणि त्यात तासभर मिळतो. कारवाईची तयारी मात्र पहिल्या मिनिटापासून हवी, कारण आत गोळ्या सुटल्या तर थांबता येत नाही.

आणखी एक चूक म्हणजे आत किती हल्लेखोर आहेत हे नक्की नसताना योजना आखणं. म्यूनिक, १९७२ : ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं होतं. हल्लेखोर चार-पाच असतील असा अंदाज होता, निघाले आठ. ओलिसांना घेऊन ते ज्या विमानतळावर गेले, तिथे पोलिसांचे नेमबाज पाचच, तेही या कामासाठी खास तयार केलेले नव्हते, आणि त्यांच्याजवळ एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हते. तोवर जिवंत असलेले नऊही ओलीस मारले गेले. त्यानंतर पश्चिम जर्मनीने जीएसजी-९ हे खास दहशतवादविरोधी पथक उभारलं.

थेट प्रक्षेपणाबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. मनिला, २०१० : एका बंदूकधाऱ्याने पर्यटकांची बस ओलीस धरली होती आणि बसमध्ये टीव्ही चालू होता. आपल्या भावाला पोलीस धरून नेताहेत हे बंदूकधाऱ्याने त्यावर पाहिलं आणि तो बिथरला. बाहेर पोलीस घणाने काचा फोडत होते, पण आत शिरायला बराच वेळ गेला. आठ पर्यटक मेले. तुम्ही जवळपास असाल, तर पोलीस कुठे उभे आहेत ते कृपा करून मोबाइलवर दाखवू नका.

सुटकेनंतरची तयारीही राहून जाते. मॉस्कोच्या नाट्यगृहात २००२ मध्ये हल्लेखोरांनी प्रेक्षकांना ओलीस धरलं, तेव्हा त्यांना बेशुद्ध करायला सुरक्षा दलांनी आत गॅस सोडला. तो कोणता, हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. शंभराहून जास्त ओलीस दगावले.

आणि तुम्हीच आत अडकला असाल तर? पोलीस घुसताच जमिनीवर पालथे पडा, रिकामे हात दिसू द्या. धावू नका, पडलेल्या बंदुकीला हात लावू नका. तुम्हाला कदाचित बेड्या घालून बाहेर नेतील, झडती घेतील. ओलीस कोण आणि हल्लेखोर कोण, हे त्या क्षणी त्यांना चेहऱ्यावरून कळत नाही.