रानम्हशींचा टीबी रक्तातून कसा पकडायचा

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर नॅशनल पार्कमधे रानम्हशींना गायीगुरांचा टीबी झालाय हे १९९० मधे कळलं, तेव्हा तो पार्कच्या दक्षिण भागात होता, मग कळपाकळपातून उत्तरेला सरकत गेला आणि म्हशी खाणाऱ्या सिंहांनाही लागला. म्हैस खंगलेली दिसेपर्यंत फार उशीर होतो, म्हणून टेस्ट लागतेच.

मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन) टोचायची टेस्ट जुनी आहे, पण सूज मोजायला ३ दिवसांनी तीच म्हैस परत हातात लागते, म्हणजे तोवर कोंडून ठेवा नाहीतर पुन्हा डार्ट (बेशुद्धीच्या औषधाची सुई) मारा. रक्ताच्या टेस्टसाठी म्हैस एकदाच पकडली की झालं, आणि मला तरी जनावराच्या दृष्टीने हेच बरं वाटतं.

डार्ट लागून म्हैस बसली की तिला छातीवर बसती ठेवा, कुशीवर पडू देऊ नका, पोट फुगतं. डोळ्यांवर कापड टाका, श्वासावर एकाचं लक्ष हवंच. मानेच्या शिरेतून रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) ट्यूबमधे घ्या आणि हळू उलटंपालटं करा. आता सगळ्यात महत्त्वाचं, रक्त बर्फात ठेवायचं नाही!! आपल्याला त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंत पाहिजेत, उन्हात तापलेल्या गाडीतही नको, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा.

लॅबमधे रक्ताचे भाग करतात, एकात काहीच नाही, एकात गायीच्या टीबीचं ट्युबरक्युलिन, एकात पक्ष्यांच्या टीबीचं, आणि एकात पेशींना हमखास चेतवणारं मायटोजेन. रात्रभर ३७ डिग्रीला ठेवून दुसऱ्या दिवशी वरचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) काढायचा आणि एलायझा या लॅबच्या टेस्टने इंटरफेरॉन गॅमा हे पेशींनी सोडलेलं प्रथिन मोजायचं. टीबीशी आधी गाठ पडलेल्या पेशी ट्युबरक्युलिन भेटलं की ते भरपूर सोडतात.

रिझल्ट बघताना आधी मायटोजेनचा आकडा बघा. तोच वर गेला नसेल तर पेशी वाटेतच मेल्यात, मग बाकीचं निगेटिव्ह धरूच नका. पक्ष्यांच्या टीबीचा आकडा गायीच्या टीबीच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर बहुतेक माती-पाण्यातल्या जंतूंचा परिणाम आहे.

नुकतीच लागण झालेली म्हैस टेस्टमधून सुटू शकते म्हणून काही महिन्यांनी परत टेस्ट करावी. अँटिबॉडीची टेस्ट सोपी आहे खरी, पण म्हशींत अँटिबॉडी बऱ्याचदा उशिरा येतात, एकट्या तिच्यावर विसंबू नका. आणि पॉझिटिव्ह म्हणजे लागण झालीय एवढंच, जंतू बाहेर टाकतेय का ते यातून कळत नाही, पक्की खात्री कल्चरनेच (लॅबमधे जंतू वाढवून) होते आणि त्याला कित्येक आठवडे जातात.