हृदयाचं पथ्य किराण्याच्या यादीपासून

आमच्या घरात चार मोठी माणसं. ह्यांना बीपी, सासूबाईंना शुगर. पथ्याचं वेगळं रांधायला मला वेळ नाही, आणि तसं केलेलं कुणी आवडीनं खातही नाही. म्हणून मी लगाम वाणसामानाच्या यादीतच घालते.

तेल माणशी दिवसाला पाच छोटे चमचे धरा, म्हणजे २५ मिली. चौघांचं महिन्याचं झालं तीन लिटर, तूप-लोणी धरून. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. पण लोणचं, फरसाण, पाव यांतलंही मीठ त्यातच येतं, म्हणून किलोची पिशवी दोन महिने तरी पुरली पाहिजे. सैंधव आणलं म्हणून सूट नाही, तेही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तेल कमी केलं की भाजी लागते, ही सगळ्यांची तक्रार. कढई लहान बुडाची घ्या. पसरट कढईत दोन चमचे तेल नुसतं पुसल्यासारखं होतं, मग मोहरी तडतडायच्या आधीच जळते. कांदा परतला की मोडाची मटकी घाला, वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता. आतली वाफ ताटलीच्या बुडाला लागून पुन्हा भाजीत ठिबकते. तरीही लागायला लागली, तर ताटलीतलंच गरम पाणी आत सोडा. आमच्या आजीपासून हे असंच चालत आलंय; तेव्हा तेल महाग होतं, एवढंच.

पालेभाजीत मीठ ती आळल्यावरच घाला. आधी ढीग बघून घातलं की हमखास खारट होते. भाकरीच्या आणि पोळीच्या पिठात मी मीठ घालतच नाही. सासूबाई सुरुवातीला “अळणी!” म्हणायच्या. आमसूल, लिंबू आणि लसणीनं ते निभावलं. पापड भाजला म्हणून पथ्याचा होत नाही: तेल वाचतं, पण मीठ आणि पापडखार दोन्हींत सोडियम असतंच.

तळण सणावारी, आणि तळून उरलेल्या तेलात पुन्हा तळण नाही. डालडा घरात नको. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली तळण्याऐवजी कालवणात घालावी.

आता चालणं. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण तेवढ्यानं भागत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग कसा ओळखायचा? बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा घोळका निवांत गप्पा मारत फिरतो, त्याला मी फेरफटका म्हणते. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर तिथंच बसा. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधीकधी नुसती धाप किंवा मळमळच जाणवते. “गॅस झाला असेल” म्हणून ओवा खात बसू नका, १०८ ला फोन करा. आणि स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.