ताडपत्रीची दुरुस्ती : ट्रकमालकांनी या चुका टाळाव्यात

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. त्यामुळे गोव्यातून कर्नाटकात जाणारा अनमोड घाट चढणाऱ्या उघड्या ट्रकवरील मालाची सारी भिस्त ताडपत्रीवरच असते. तरीही बहुतेक ठिकाणी फाटले की ठिगळ लावले जाते आणि ती का फाटली हे पाहिलेच जात नाही. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

फाटलेली कड बोटांत धरून नीट पाहावी. आजूबाजूचा लेप झिजून आतले धागे विस्कटलेले असतील, तर तेथे मालाची धार किंवा फाळक्याचा (ट्रकच्या कडेच्या फळीचा) बोल्ट घासत आहे. पोलादी कॉइल किंवा लोखंडी अँगल वाहणाऱ्या गाड्यांवर हे नेहमी दिसते, आणि त्या कोपऱ्यावर जुन्या टायरट्यूबचा जाड तुकडा बांधल्याशिवाय कोणतेही ठिगळ टिकणार नाही. कडेच्या, दोरी ओवायच्या रिंगेपासून सरळ चीर गेली असेल, तर दोरीचा ताण एकाच रिंगेवर येत आहे. कापड पांढुरके पडून बोटाने सहज फाटत असेल, तर ते उन्हाने जळले आहे. अशा ताडपत्रीवर पैसे घालू नयेत.

दुसरी चूक सोल्युशनची, म्हणजे ठिगळ चिकटवायच्या द्रवाची. पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप असलेल्या ताडपत्रीला पीव्हीसीचे सोल्युशन चालते किंवा हॉट एअर गनने ठिगळ वितळवून जोडता येते. एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकच्या विणलेल्या, हलक्या ताडपत्रीवर मात्र तेच सोल्युशन पकड घेत नाही आणि ठिगळ पापुद्र्यासारखे सुटते. तिला त्याच जातीचा तुकडा उष्णतेने जोडावा किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवावा. ठिगळ फाटलेल्या भागाच्या चहूबाजूंनी निदान ५ सेंटिमीटर मोठे असावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो. खनिजाची धूळ साबणाच्या पाण्याने धुऊन कापड पूर्ण कोरडे केल्यावरच सोल्युशन लावावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे नीट साधत नाही, म्हणून मोठी दुरुस्ती मे महिन्यातच उरकावी. डाग काढण्यासाठी थिनर किंवा पेट्रोल वापरू नये; त्याने पीव्हीसी कडक होऊन तडकते.

वास्को परिसरातल्या खाऱ्या हवेत लोखंडी रिंगा लवकर गंजतात आणि तो गंज भोवतालचे कापडही खातो. पितळी रिंगा घ्याव्यात आणि जुन्या, सैल झालेल्या भोकातच नवी रिंग ठोकण्याऐवजी आधी तेथे दुहेरी कापड जोडावे.

दोन ताडपत्र्या घालताना मागची आधी टाकून पुढची तिच्यावर यावी, नाहीतर धावत्या गाडीत वारा आणि पाणी जोडातून आत शिरते. सैल बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडून शिवणीवर उसवते, म्हणून काही अंतर गेल्यावर दोऱ्या पुन्हा ताणून घ्याव्यात.

ओली ताडपत्री घडी करून ठेवू नये. कॅनव्हास तर बुरशीने काही दिवसांतच कुजू लागतो. पीव्हीसीची ताडपत्री शक्यतो गुंडाळून ठेवावी, कारण रोज त्याच रेषेवर घडी पडली की तेथेच लेप तडकतो. ठेवण्यापूर्वी उन्हात दोघांनी ती उंच धरावी, तिसऱ्याने खालून पाहावे आणि जेथे प्रकाशाचे ठिपके दिसतील तेथे खडूने खूण करावी.