मोनोटोनिक असेलच असं धरून चालणं: बायनरी सर्चपासून घड्याळापर्यंत या चुका टाळा

बायनरी सर्चने (रेंजच्या मधोमध पाहून दर वेळी अर्धी रेंज टाकत जाणाऱ्या शोधाने) चुकीचं उत्तर दिलं की बहुतेक जण आधी मधली जागा काढताना 'एक मिळवायचा की नाही' याच्याशी झटापट करतात. ती चूकही होते, पुढे ती घेऊच. पण पुष्कळदा खरी चूक त्याच्या आधीच झालेली असते. ज्या प्रश्नावर शोध चालवला तो मोनोटोनिक आहे का, हे कोणी पाहिलेलंच नसतं. मोनोटोनिक म्हणजे इनपुट वाढत गेलं की उत्तर एकाच दिशेने सरकतं. मध्ये थांबेल, पण मागे फिरणार नाही. अर्धी रेंज न बघता टाकून देता येते ती फक्त या गुणधर्मामुळे. तो नसेल तर प्रोग्राम क्रॅश होत नाही, एररही येत नाही. चुकीचा आकडा छापला जातो, एवढंच.

'बरोबर तीन' विचारू नका, 'जास्तीत जास्त तीन' विचारा

समजा 4, 9, 3, 6, 8, 5 टनांचे बोजे याच क्रमाने एका ट्रकने न्यायचे आहेत आणि खेपा जास्तीत जास्त तीन करायच्या आहेत. ट्रकची क्षमता कमीत कमी किती हवी? प्रत्येक क्षमतेला 'तीन खेपांत भागतं का' असं विचारलं, तर लहान क्षमतांना 'नाही' येतं आणि एका जागेपासून पुढे सगळीकडे 'हो'. डावी सीमा 9, कारण सगळ्यात मोठा बोजा मावलाच पाहिजे. उजवी सीमा 35, म्हणजे सगळ्यांची बेरीज. मग 22 ला भागतं, 15 ला भागतं, 12 ला पाच खेपा लागतात म्हणून नाही, 14 ला हो, 13 ला हो. उत्तर 13.

आता अट 'खेपा बरोबर तीन' अशी लिहून पाहा. 22 टनांना दोनच खेपा लागतात (4, 9, 3, 6 एकीत, 8 आणि 5 दुसरीत), म्हणून उत्तर 'नाही' येतं आणि शोध उजवीकडे पळतो. 29, 32, 34 सगळीकडे दोनच खेपा, पुन्हा 'नाही'. शेवटी 35 हातात येतं. आता हो-नाहीची रांग 'नाही, हो, नाही' अशी झाली आहे, आणि तशा रांगेवर बायनरी सर्च चालतच नाही.

डाव्या सीमेचंही तसंच. ती 9 ऐवजी 1 ठेवली आणि सहा खेपांची परवानगी दिली, तर नेहमीचा मोजणीचा कोड (बेरीज क्षमतेबाहेर गेली की नवी खेप) 4 टनांनाही 'हो' म्हणतो. 9 टनांचा बोजा त्या ट्रकमध्ये मावतच नाही, पण कोड ते तपासत नाही. सीमा काढताना अशक्य क्षमता बाहेरच ठेवा.

ग्रीडीचं उत्तर मोनोटोनिक असेलच असं नाही

ग्रीडी म्हणजे दर टप्प्यावर समोर जे बसेल ते घ्यायचं, मागे फिरून बदलायचं नाही. वर क्रम ठरलेला होता, म्हणून ग्रीडी मोजणी बिनचूक होती. क्रम मोकळा सोडला तर लोक 'मोठा आधी, मावेल त्या पहिल्या खोक्यात' ही फर्स्ट फिट डिक्रीजिंगची युक्ती वापरतात आणि तिच्यावर बायनरी सर्च लावतात. इथे फार सावध राहा. वस्तू घ्या 44, 24, 24, 22, 21, 17, 8, 8, 6, 6. खोक्याची क्षमता 60 असेल तर तीन खोकी पुरतात आणि तिन्ही काठोकाठ भरतात: 44+8+8, 24+24+6+6, 22+21+17. क्षमता 61 केली तर 17 ला 44 शेजारी जागा मिळते आणि पहिलं खोकं भरतं. पहिला 8 दुसऱ्यात जातो, दुसरा 8 तिसऱ्यात. मग एक 6 तिसऱ्यात बसतो आणि शेवटच्या 6 ला कुठेच जागा उरत नाही. चौथं खोकं लागतं. जागा वाढली आणि खोकीही वाढली!

खरं किमान उत्तर मोनोटोनिकच आहे. ग्रीडीने काढलेलं नाही. म्हणून अशा वेळी जी क्षमता चालली ती बाजूला नोंदवून ठेवा, शेजारच्या काही किमती स्वतंत्रपणे तपासा आणि आलेल्या उत्तराला 'किमान' म्हणू नका.

हे पकडायची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे छोट्या इनपुटवर पूर्ण रेंजचं हो-नाही ओळीने छापणं. रांग एकदाच पालटली पाहिजे. रँडम इनपुटच्या काही हजार फेऱ्या यातून काढल्या की बहुतेक गफलती उघड्या पडतात.

न संपणारं लूप

मधला काढताना भागाकार खाली गोल होतो. तुम्ही 'डावा = मधला' असं लिहीत असाल आणि डावा 7, उजवा 8 असेल, तर मधला 7 येतो आणि लूप तिथेच फिरत राहतं. त्या प्रकारात मधला वरच्या बाजूला गोल करा: डावा + (उजवा − डावा + 1) / 2. 'उजवा = मधला' असेल तर 1 मिळवायचा नाही. (डावा + उजवा) / 2 हे रूप टाळाच. 32 बिटांत बेरीज 2147483647 च्या पुढे गेली की ऋण होते. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येही हीच चूक होती आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच 2006 मध्ये तिच्यावर लिहिलं. ऋण सीमांवर सी आणि जावा शून्याकडे गोल करतात. म्हणजे (डावा + उजवा) / 2 या रूपाने −3 आणि −2 यांचा मधला −2 येतो, आणि 'उजवा = मधला' लिहिलं असेल तर लूप अडकतं.

अपूर्णांकांवर 'फरक 0.000000001 पेक्षा मोठा आहे तोवर' अशी अट घालू नका. 10 चा 18 वा घात एवढ्या आकड्यांजवळ दोन शेजारच्या डबल (64 बिटांत साठवलेल्या अपूर्णांकी) किमतींत 128 चं अंतर असतं, तेव्हा ती अट कधीच पुरी होत नाही. सरळ 100 फेऱ्या चालवा.

सरकती खिडकी आणि ऋण आकडे

बेरीज 3 पेक्षा जास्त नसलेला सगळ्यात लांब सलग तुकडा शोधायचा आहे, आकडे 5, −4, 2. दोन पॉइंटरची खिडकी (तुकड्याची दोन्ही टोकं फक्त पुढे सरकवत जाणारी पद्धत) पहिल्याच 5 ला टाकून देते आणि लांबी 2 सांगते. खरं उत्तर 3, कारण सगळ्यांची बेरीज 3 आहे. खिडकी मोठी केली की बेरीज वाढते, हे गृहीतक ऋण आकड्याने मोडलं.

इथे मोनोटोनिकपणा परत आणता येतो. सुरुवातीपासूनच्या बेरजा घ्या: 0, 5, 1, 3. त्यांचं 'आतापर्यंतचं कमाल' काढा: 0, 5, 5, 5. ही यादी कधी घटत नाही. मग प्रत्येक शेवटासाठी 'बेरीज − 3' एवढी किंवा जास्त किंमत पहिल्यांदा कुठे येते ते तिच्यात बायनरी सर्चने शोधा.

घड्याळ आणि आयडी

संगणकाच्या तारीख-वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला समक्रमणाने (बाहेरच्या वेळेशी जुळवून घेताना) मागे ओढता येतं. 2016 च्या अखेरच्या लीप सेकंदाला (अधूनमधून घड्याळात मिळवल्या जाणाऱ्या जादा सेकंदाला) क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या गो भाषेतल्या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांतला फरक ऋण आला आणि काही सर्व्हरवर तो भाग बंद पडला. पुढे 2017 सालात गो 1.9 मध्ये वेळेच्या किमतीत मोनोटोनिक वाचनही साठवायला सुरुवात झाली. पायथनमध्ये टाइम.मोनोटोनिक, जावात सिस्टिम.नॅनोटाइम वापरा. मात्र हे आकडे दुसऱ्या मशीनशी किंवा रीबूटच्या आधीच्या आकड्यांशी ताडू नका. शिवाय लिनक्सचं मोनोटोनिक घड्याळ मशीन सस्पेंड असताना थांबतं. तो काळ मोजायचा असेल तर बूटटाइम घड्याळ घ्या.

डेटाबेसचा वाढता आयडीही असाच फसवतो. आयडी क्रमाने वाटले जातात, पण व्यवहार त्या क्रमाने कमिट (पक्के) होतातच असं नाही. 101 मिळालेला व्यवहार रेंगाळतो, 102 आधी कमिट होतो. 'शेवटच्या आयडीनंतरचे द्या' म्हणणारा प्रोग्राम 102 नोंदवून पुढे जातो आणि 101 ची ओळ त्याला कधीच दिसत नाही. उपाय दोन: थोडं मागचं पुन्हा वाचा आणि आधी हाताळलेल्या ओळी ओळखून वगळा, किंवा पोस्टग्रेस डेटाबेसच्या लॉजिकल डिकोडिंगसारख्या (झालेले बदल ओळीने पुरवणाऱ्या) सोयीने बदल कमिटच्या क्रमानेच घ्या. पहिला उपाय निवडलात तर मागे जायची मुदत तुमच्या सगळ्यात लांब चालणाऱ्या व्यवहारापेक्षा जास्त ठेवा, आणि त्या व्यवहारांवर टाइमआउट लावा.