टीबी, पीबी, ईबी: हे अवाढव्य आकडे समजून कसे घ्यायचे

जीबीपर्यंत सगळ्यांना येतं असं धरतो. पुढची रांग टेरा, पेटा, एक्सा, झेटा, योटा, आणि 2022 पासून रोना, क्वेटा. दर पायरीला हजारपट, एवढं पाठ करा.

मग बाइट आपल्या आकड्यांत मोजा. "इतकी गाणी मावतात" वगैरे उदाहरणं सोडून द्या, गाणं 3 एमबीचं असतं आणि 30 एमबीचंही. 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, बजेटच्या बातम्यांत ऐकतो तोच आकडा. जुन्या मोजणीत हा महापद्म, पीबी म्हणजे अंत्य, आणि ईबी दहा परार्ध, म्हणजे परार्धाशी थांबणारी आपली मोजणीही इथे अपुरी पडते.

आता खरी गोची, दर पायरीला 1000 की 1024. माझ्याकडे लग्नांचं फुटेज होतं, पीसी 7.5 टीबी दाखवत होता म्हणून मी 8 टीबीची हार्ड डिस्क आणली, जोडली तर जागा 7.27! दुकानदाराशी भांडून आलो, आणि त्याची काहीच चूक नव्हती. खोक्यावरचा टीबी 1000च्या हिशोबाने असतो, विंडोज 1024ने भागतं आणि पुढे टीबीच लिहितं, मॅक 2009 पासून 1000नेच मोजतं. "1024च खरं, बाकी कंपन्यांची लबाडी" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. किलोमीटरमधला किलो हजार, तसाच इथलाही, आणि 1024वाल्यांसाठी 1998 पासून किबी, मेबी, गिबी, टेबी अशी वेगळी नावं आहेत, ती कुणी वापरत नाही हा घोळ आहे. आणि हा फरक पायरीगणिक वाढत जातो, केबीला जेमतेम 2.4 टक्के, टीबीला 10, पीबीला साडेबारा, ईबीला 15च्या वर. म्हणून विंडोजवर दिसलेल्या टीबीला 1.1ने गुणा आणि मगच डिस्क घ्या. माझे 7.5 म्हणजे 8.25 होते, 8मध्ये मावणारच नव्हते.

शेवटी वेळ काढा. नेटचा स्पीड बिटमध्ये असतो, 8 बिटांचा एक बाइट, म्हणून 8ने भागायचा. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट) लाइनवर 1 टीबी चढवायला साधारण 22 तास लागतात, 1 पीबीला अडीच वर्षं, तेही लाइन एकदाही न तुटता. म्हणूनच ॲमेझॉनने 2016 मध्ये 100 पीबी मावणारा कंटेनर ट्रक काढला होता, डेटा भरायचा आणि रस्त्याने न्यायचा.